डांबापासून डेअरीपर्यंत

सोलापुरात लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग आचारी. बँडचा विषय निघाला की पेठेतली जुनी माणसं अजूनही म्हणायची, "लालसाबला सांगून ठेवा." बँडचं खरं नाव नूर ब्रास बँड. मोठ्या ढोलावर ते लाल अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ढोल वाजत असताना त्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतो?

लालसाब नदाफ म्हणजे साठी ओलांडलेला, सडपातळ, दोन्ही गालांत खळगे पडलेला माणूस. खळगे वयाचे नव्हते, क्लॅरनेटचे होते. नदाफ म्हणजे कापूस पिंजणारे. त्याच्या आज्यानं घरोघर गाद्या पिंजल्या. बापानं पिंजायची धनुकली खुंटीला टांगली आणि तो बँडात शिरला. बाप गेल्यावर त्याचं काळं क्लॅरनेट लालसाबकडे आलं आणि त्याबरोबर सहासात माणसांचं पोटही आलं.

डीजेच्या भिंती रस्त्यावर आल्यावर शहरातले बँड एकामागून एक बसले. लालसाबचा टिकला, कारण त्याला दोन्हीकडून बोलावणं यायचं. गणपतीचं आगमन असो, दर्ग्याचा संदल असो, लिंगायताची वरात असो की बागवानाची. "दोन्हीकडं चालतो" हीच त्याची जाहिरात होती. एका बाजूचं बोलावणं तुटलं तर बँड निम्मा बसणार नाही, पुरताच बसेल, हे तो ओळखून होता. आयुष्यात त्याला दुसरं काही राखायचं नव्हतं. तेवढं राखायचं होतं.

ते राखायची एक रीत होती.

पेठेतून चौकाकडे निघालं की डाव्या हाताला मशीद लागते. तिच्या अलीकडे विजेचा डांब, पलीकडे दुधाची डेअरी. डांब ते डेअरी एवढ्या तुकड्याला बँडवाले 'सावली' म्हणायचे. मिरवणूक कुणाचीही असो, गाणं कोणतंही असो, डांबापाशी आलं की लालसाब ओठ उचलायचा आणि सगळा बँड गप्प व्हायचा. फक्त साइड ड्रमवाला तिप्पण्णा ड्रमच्या कडेवर काडी मारत राहायचा, टक, टक, टक, म्हणजे चालणाऱ्यांचे पाय चुकू नयेत. डेअरी आली की लालसाब तुटलेला सूर तिथूनच उचलायचा, जरा वरच्या पट्टीत. मग नाचणारी पोरं अशी उसळायची की डेअरीवाला सिद्धनाथ दुधाचे कॅन आत ओढून घ्यायचा. नवरदेवाचे मित्र तर त्या क्षणाची वाट बघत सावलीतून चालायचे.

ही रीत कुणी लादलेली नव्हती. दवाखान्यासमोर तेच, दुखवट्याच्या घरासमोर तेच, आरती चालू असेल तर देवळासमोरही तेच. नवशिका असताना लालसाबचा एक सूर मशिदीसमोर सांडला होता, तेव्हा मशिदीतला तरुण दस्तगीर घरी भांडायला आला होता. बापानं दस्तगीरला चहा पाजून परत पाठवलं आणि पोराला सांगितलं, "ह्याला भिऊन नाही थांबायचं. आपल्याला कुठं थांबायचं ते कळतं, म्हणून लोक आपल्याला दारात येऊ देतात."

तोच दस्तगीर आता हाजी दस्तगीर झाला होता. चादरीचं दुकान, पांढरी दाढी आणि मशिदीचा कारभार.

*

ऑगस्टच्या सुरुवातीला अभिमन्यू बँडच्या खोलीवर आला. खोली म्हणजे एक शटर, आत खुंट्यांवर सोनेरी झालरीचे लाल कोट आणि कोपऱ्यात ढोल. अभिमन्यू पेठेतलाच. तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्याची वरात लालसाबनंच वाजवली होती.

"चाचा, पंधरा ऑगस्टला तिरंगा रॅली हाय. आपल्या पेठेतनं चार पुतळ्यांच्या चौकापर्यंत. बँड तुमचा."

"डीजे रुसला व्हय?"

"परवानगी न्हाय त्याला. आन् तुमी असला की बरं दिसतंय."

"वाजतंय बी बरं, म्हणून बोलावलं असतंस तर जास्त बरं वाटलं असतं," लालसाब म्हणाला. दोघंही हसले. कोपऱ्यात ड्रमच्या दोऱ्या आवळत बसलेला तिप्पण्णाही हसला. तिप्पण्णा मूळचा दुधनीचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि लालसाबच्या सहवासानं शिव्या तेवढ्या दखनीत.

अभिमन्यू उठला, मग दारात थांबला. "एक राहिलं. मशिदीपाशी थांबू नका यंदा."

"सावली हाय ती. तुझ्या वरातीत बी थांबलो होतो की."

"ती माझी वरात होती, चाचा. हे देशाचं हाय. देशाचं गाणं मशिदीसमोर बंद झालं, असं एका पोराच्या मोबाइलात जरी आलं तर मी काय करू? ती पोरं माझं ऐकतात असं तुमाला वाटतं व्हय? मी अध्यक्ष हाय, मालक न्हाय."

तो धमकी देत नव्हता. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि लालसाबला नेमकं त्याचंच भय वाटलं.

दोन दिवसांनी दुपारच्या नमाजनंतर हाजी दस्तगीरनं त्याला थांबवलं. हाजीसाब नकार देतील, मग अभिमन्यूला तसं सांगता येईल, असा लालसाबचा हिशेब होता.

"लालसाब, पंधरा अगस्त कू हम गेट पे झंडा लगारे. रॅली आई तो फूल डालेंगे, सरबत पिलायेंगे. तू बजाते आ. रुक नक्को."

"मस्जिद के सामने, हाजीसाब?"

"कमेटी का फैसला है."

"तुमीच तो मेरे बाप के पास झगडने आए थे."

हाजीनं इकडंतिकडं बघितलं. "वो जमाना अलग था. अल्ला नियत देखता, लालसाब. लोगां मोबाइल देखते."

म्हणजे दोन्हीकडून एकच निरोप होता. इतकी वर्षं दोन बाजू सांभाळण्यात गेली, आणि आता दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका शब्दानं बोलत होत्या, तर त्याला आनंद व्हायला हवा होता.

*

घरी तिसरी बाजू होती.

लालसाबचा मुलगा अझरुद्दीन एसी दुरुस्तीचं काम करायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसायची. हातात कसब होतं, तोंडात खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तो दीनदार, म्हणजे कडक धर्मनिष्ठ, झाला आणि एक दिवस त्यानं आईला सांगितलं की बाजा हराम, म्हणून बाजाच्या कमाईचं अन्न त्याला चालणार नाही. भांडला नाही, ओरडला नाही. स्वतःच्या पैशानं डाळ, तांदूळ, पीठ आणून ठेवलं. तेव्हापासून मदिनाबी दोन पातेल्यांत डाळ शिजवायची. एक नवऱ्याचं, एक लेकाचं. चूल एक, फोडणी एक, पातेली दोन. पाहुणे आले की ती लहान पातेलं ओट्याखाली ढकलायची.

रात्रीच्या जेवणाला अझरनं विचारलं, "देश का गाना है तो मस्जिद के सामने हलाल होता क्या, अब्बा?"

"हाजीसाब बोले."

"हाजीसाब डरते. तुम बी डरते. डर कू तुम लोगां देश बोलते."

"तू एसी में गैस भरता ना?" लालसाब शांतपणे म्हणाला. "कित्ता भरना, कोन बताता? मीटर बताता. मेरा मीटर ये मोहल्ला है बेटा. काटा किधर गया, देख के फूंकना पडता."

"और अल्ला का मीटर?"

"खाना खाओ दोनों," मदिनाबी म्हणाली. "डाल ठंडी होरी."

चौदा तारखेला लालसाबनं सगळ्या बँडला बसवून सांगितलं की उद्या सावली नाही. डांब येईल, मशीद येईल, वाजवत राहायचं. पोरांनी माना हलवल्या. तिप्पण्णानं हातातली काडी फिरवली. "मास्तर, तुमी सांगितलं ते डोक्याला कळलं. हाताला कोण सांगणार?"

"तूच सांग."

"माझं कधी ऐकलंय त्यानं," तिप्पण्णा म्हणाला.

*

पंधरा ऑगस्टची सकाळ ढगाळ होती. कोट इस्त्रीचे, छातीवर कागदी तिरंगे. पुढं पोरांच्या मोटरसायकली, मागं शाळेची मुलं, मध्ये बँड. लालसाब मनापासून वाजवत होता. देशाचं ते गाणं त्यानं शाळेत म्हटलं होतं, बापाकडून क्लॅरनेटवर शिकला होता, आणि कडव्याच्या वळणावर एक मुरकी त्यानं स्वतःची घातली होती. पेठ खिडक्यांत आली होती. मशिदीच्या फाटकावर झेंडा होता. हाजी दस्तगीर गुलाबाच्या पाकळ्यांचं ताट घेऊन उभा होता. सरबताचे ग्लास मांडलेले होते. सगळं ठरल्याप्रमाणं होतं.

डांब आला.

लालसाबच्या मनात एवढंच होतं की थांबायचं नाही. तो स्वतःला तेच सांगत होता, आणि ते सांगत असतानाच त्याचे ओठ उचलले गेले. जसं उंबऱ्यापाशी पाऊल आपोआप उचलतं तसं. मास्तर थांबला म्हणून ट्रम्पेट थांबलं. ट्रम्पेट थांबलं म्हणून ढोल थांबला. आणि त्या गप्प रस्त्यावर तिप्पण्णाची काडी ड्रमच्या कडेवर वाजू लागली. टक, टक, टक.

काय झालं ते लालसाबला हाजीच्या चेहऱ्यावरून कळलं. ताटातल्या पाकळ्या तशाच, मूठ हवेत. त्यानं लगेच क्लॅरनेट तोंडाला लावलं. पण कोरड्या पडलेल्या तोंडात वेताची पत्ती चिकटली आणि नुसती फुंकर निघाली. तोवर मोटरसायकलवरच्या एकानं हॉर्न दाबून धरला होता. दुसरा विचारत होता, "कुणी बंद केलं? ए, कुणी बंद केलं?" अभिमन्यू हात वर करून मागं धावत येत होता. मग सगळेच घोषणा देऊ लागले, हाजीही देऊ लागला, सगळ्यांत मोठ्यानं. डेअरीपाशी लालसाबनं सूर उचलला, पण तो कुणाला ऐकू गेला नाही.

रॅली चार पुतळ्यांपाशी पोचायच्या आधी चित्रफीत सगळीकडे पोचली होती. तीत अलीकडचं वाजवणं नव्हतं, पलीकडचं नव्हतं. मशीद, झेंडा, खाली आलेलं क्लॅरनेट आणि शांतता. वर लिहिलं होतं, देशाचं गाणं मशिदीसमोर बंद पाडलं.

संध्याकाळी त्याला पोलीस चौकीत बोलावलं. साहेब तरुण होता, वागायला सभ्य होता.

"कुणी सांगितलं थांबायला?"

"कुणी न्हाय, साहेब. उलट सगळ्यांनी नको सांगितलं होतं."

"मग?"

"सवयीनं झालं. इतक्या वर्षांची सवय हाय. तिथं आलं की तोंड उचलतं."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्यावर दबाव होता असं सांगा, मी समजू शकतो. तुमच्या धर्मात बसत नाही म्हणून थांबलो म्हणा, तेही समजू शकतो. सवय म्हणजे काय?"

लालसाबला सवयीपेक्षा सोपा शब्द सापडेना. कागदावर काहीतरी लिहून, सही घेऊन त्याला उशिरा सोडलं. बाहेर बाकावर तिप्पण्णा बसला होता, ड्रम मांडीवर घेऊन.

"तू कशाला आलास?"

"काडी मी पण वाजवली की," तिप्पण्णा म्हणाला. "मला कुणी विचारलंच न्हाय. नाव विचारलं, तिप्पण्णा म्हटलं, म्हणाले बस तितं."

*

मशिदीच्या कमिटीनं दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं की सदर बँडवाल्याच्या कृत्याशी कमिटीचा संबंध नाही. गणपती तोंडावर होते. एकेका मंडळाचा फोन आला. कुणी रागानं बोललं नाही. "पोरं ऐकत न्हाईत हो," एवढंच सगळे म्हणत होते. नवरात्र तसंच गेलं. तुळशीचं लग्न लागलं, हॉलच्या बाहेर डीजेचे ट्रक उभे राहू लागले आणि लाल कोट खुंटीवरच राहिले.

दुसऱ्या बाजूचं वेगळंच झालं. तीच चित्रफीत दुसऱ्या मोबाइलांवर दुसऱ्या ओळी लेवून फिरत होती. शेकडो झेंड्यांच्या मध्ये एक म्हातारा, त्यानं अल्लाच्या घराची अदब सोडली नाही. कुठून कुठून पोरं हात मिळवायला यायची. एकानं तर हाताचं चुंबन घेतलं. लालसाबनं त्यातल्या एकाच्या बापाला विचारलं, मुलाचं लग्न ठरलंय ना, बँड कधी सांगताय. तो माणूस ओशाळला. "चाचा, अब तुम बाजा कैसे बजायेंगे? तुमारा मरतबा अलग होगया."

म्हणजे इकडच्यांना तो गद्दार वाटत होता म्हणून बोलावणं नाही, आणि तिकडच्यांना वली, म्हणजे संत, वाटत होता म्हणून बोलावणं नाही.

पण घरात एक गोष्ट घडली होती. चौकीतून परतला त्या रात्री अझर दारात जागा होता. त्यानं बापाच्या पायातल्या चपला स्वतः काढल्या. मग आत जाऊन आईला म्हणाला, "अम्मी, आज से एकीच पतेली."

मदिनाबीनं नवऱ्याकडे बघितलं आणि पटकन तोंड फिरवलं.

"तुम जो करे सो सही करे, अब्बा," जेवताना अझर म्हणाला.

"मैं कुछ नै किया रे. होंट उठ गए."

"होंट कोन उठाया? अल्ला उठाया."

लालसाबनं घास तोंडात घातला. साहेबाला जे सांगितलं तेच पोराला सांगायचं होतं. सवय होती, बेटा. पण चार वर्षांनी पोरगा त्याच्या पातेल्यातली डाळ वाढून घेत होता. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. मग ते सांगायचं राहूनच गेलं, आणि पोराच्या डोळ्यांत जो बाप दिसत होता त्याच्यासारखं वागणं हे त्याचं नवं काम झालं. नमाज चुकेना. क्लॅरनेट पेटीत. घर अझरच्या कमाईवर. मुलगी हुस्ना माहेरी आली तर भावाचं हसणं ऐकून चकितच झाली.

बँडची पोरं मात्र पांगली. ट्रम्पेटवाला रिक्षा चालवू लागला. ढोलवाला चादरीच्या कारखान्यात लागला. तिप्पण्णा रोज बंद शटरपाशी येऊन बसायचा, ड्रमवरची धूळ पुसायचा. "वाळवी लागंल की," एवढं म्हणायचा. एकदा लालसाब उशिरा पोचला तर तिप्पण्णा खोलीत एकटाच कडेवर काडी मारत बसला होता.

*

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेचे मुख्य दिवस सरले आणि एका सकाळी हाजी दस्तगीर आणि अभिमन्यू एकत्रच दारात आले. शांतता समितीत दोघं शेजारी बसायचे, तिथं ठरलं होतं. सव्वीस जानेवारीची रॅली मशिदीपाशी थांबेल. फाटकात झेंडा लागेल. आणि फाटकातच उभं राहून लालसाब तेच गाणं वाजवेल, सगळ्यांच्या समोर.

"फाटकात?"

"तितंच चुकलं ना, चाचा," अभिमन्यू म्हणाला. "ज्याच्याकडनं बिघडलं त्यानंच नीट केलं की लोकांना पटतंय. मग माझी जबाबदारी. उन्हाळ्यातली लग्नं तुमची."

"माझ्याकडनं बिघडलं?"

मदिनाबीनं चहा आणून ठेवला.

"किसने बिगाडा सो छोड," हाजी हळू आवाजात म्हणाला. "मेरे दुकान के सामने अब बी गाडियां रुकाके हॉर्न बजाते रे लालसाब. बच्चे डरते. एक बार बजा दे. खतम कर."

लालसाबनं हाजीच्या हाताकडे बघितलं. ह्याच हातानं एका सांडलेल्या सुरापायी बापाच्या दाराची कडी वाजवली होती.

"बजातूं," तो म्हणाला.

संध्याकाळी अझरला कळलं होतंच. तो बापासमोर बसला. "नक्को बोलो उनकू. इत्ती बडी बात अल्ला तुमारे हात से कराया, अब तुमीच मिटाते?"

आता गप्प राहून भागणार नव्हतं.

"अझर, सुन. मैं रुका नै था. रुकने का मन में बी नै था. मैं बजाने कू गया था बेटा, हाजीसाब के बोलने पे, अभिमन्यू के बोलने पे. आदत थी सो होंट उठ गए. बस. आदत."

अझरनं बापाकडे बघितलं. चौकीतला साहेब असाच बघत होता.

"आदत," तो म्हणाला. "और मैं पांच महीने से लोगां कू क्या बताते फिरा?"

"मैं बोलने वाला था."

"कब?"

अझर उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखालचं लहान पातेलं वर आलं. मदिनाबीनं ते घासलं आणि काही न बोलता चुलीवर ठेवलं.

सव्वीस जानेवारीला लालसाब मशिदीच्या फाटकात उभा राहिला. पाठीमागं नमाजी, समोर झेंडे आणि मोबाइल. पांगलेला बँड त्या दिवसापुरता जमला होता, तो पेठेकडून वाजवत आला. ठरलं असं होतं की मास्तरनं फाटकातून सूर उचलायचा आणि बँडनं साथ धरायची. त्यानं सूर उचलला. ह्या वेळी पत्ती चिकटली नाही. त्यानं गाणं पूर्ण वाजवलं, मुरकीसकट. कुठं चुकलं नाही, कुठं कापलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाजीनं पाकळ्या उधळल्या, अभिमन्यूनं हार घातला, आणि कुणीतरी त्याला हाजी आणि अभिमन्यूच्या मधे उभं करून फोटो काढला.

फक्त साथीत काहीतरी कमी होतं. गाणं संपताना लालसाबनं मान वळवली. तिप्पण्णानं डांबापाशीच दोन्ही काड्या खिशात घातल्या होत्या. तो नुसता उभा होता. ह्या वेळी कडेवरही वाजवत नव्हता.

"माझ्याच्यानं न्हाय झालं, मास्तर," तो नंतर म्हणाला. "हाताला सांगितलं व्हतं. न्हाय ऐकलं."

चार दिवसांनी त्यानं निरोप पाठवला की सांधे धरलेत, आता ड्रम झेपणार नाही. ड्रम त्यानं स्वच्छ पुसून, कापडात गुंडाळून पाठवला होता.

*

अभिमन्यूनं शब्द पाळला. फेब्रुवारी सरता सरता पहिली वरात मिळाली. पाठोपाठ एका बागवानाचंही बोलावणं आलं. फोटो सगळ्यांनी बघितला होता. ट्रम्पेटवाल्यानं रिक्षा लावून कोट चढवला. साइड ड्रमवर नवा गडी घेतला, तो हात चांगला चालवायचा.

वरात पेठेतून निघाली. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज होऊन लोक मशिदीबाहेर पडत होते. पायरीवर अझर होता, हातात चपला. फाटकाशी खुर्ची टाकून हाजी दस्तगीर बसला होता. समोर डांब दिसला, आणि लालसाबचे ओठ उचलू लागले.

"ए चाचा, थांबू नका," नवरदेवाचा एक मित्र नाचता नाचता मागं वळून म्हणाला. चांगला, हसऱ्या तोंडाचा पोरगा होता. "सव्वीस जानेवारीला वाजवलं की. देशाला चालतं, आमाला न्हाय व्हय?"

लालसाबनं हाजीकडे बघितलं. हाजी काहीतरी बोलेल, हात तरी वर करेल, असं त्याला क्षणभर वाटलं. हाजीनं मान खाली घातली आणि तो चष्मा पुसू लागला. बोलणार तरी कोणत्या तोंडानं? नव्या ड्रमवाल्याला सावली म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तो बडवत होता.

लालसाब वाजवत राहिला. सिनेमाचं गाणं होतं, लग्नात सगळे मागतात ते. पायरीवर अझरनं एक चप्पल पायात घातली होती. ती त्यानं परत काढली, दोन्ही चपला उचलल्या आणि तो आत गेला.

पूर्वी ह्या तुकड्यात सगळ्यांचे कान डेअरीकडे लागलेले असत. सूर कधी उचलला जातो, पोरं कधी उसळतात. सिद्धनाथ कॅनला हात घालून तयार असायचा. आजही तो सवयीनं दारात आला होता, वाकला होता. पण वरात नुसतीच पुढं गेली, आणि डेअरी कधी मागं पडली ते लालसाबला कळलं नाही.